आवर्तसारणी पाठ करू नका, वाचायला शिका : साकीनाक्याच्या गाळ्यातून अणूची गोष्ट

हा आपल्या पॉडकास्टचा नवा भाग, आणि तुम्ही वाचताय ते त्याचं लिखित रूप. मेट्रोत रेंज गेली, इअरफोन घरी राहिले किंवा परीक्षेआधी पटकन नजर टाकायची असली, तर हे कामाला येईल. बोलताना मी दोन-तीनदा अडखळलो होतो, तेवढं इथे नीट केलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका मेसेजमुळे निवडला. दहावीतल्या एका श्रोतीने लिहिलं होतं, 'दादा, आवर्तसारणी डोक्यातच बसत नाही. प्रीलिम जवळ आलीय. पाठ करायची काही ट्रिक सांग ना.'

ट्रिक सांगतो, पण ती पाठांतराची नाहीये. मी स्वतः दहावीत पहिली वीस मूलद्रव्यं धडाधड म्हणून दाखवायचो. हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम... एका श्वासात. आणि तरी मला त्यातलं काही कळलं नव्हतं. ते कधी कळलं, ते शेवटी सांगतो.

बाबांचे डबे

मी साकीनाक्याचा. खैरानी रोडच्या आतल्या गल्लीत वाढलो. तिथून कधी गेला असाल तर माहीत असेल, एका गाळ्यात लेथ फिरतोय, शेजारी शिलाई मशीन चालतंय, त्याच्या पुढे भंगार. माझे बाबा त्या भंगाराच्या गाळ्यात कामाला होते. जुने कॉम्प्युटर, टीव्ही, चार्जर, मोबाइल गोण्या भरभरून यायचे. ते फोडायचे आणि माल वेगळा करायचा. तांबं वेगळं, पितळ वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं.

भिंतीला लागून रंगाचे रिकामे डबे ओळीने मांडलेले असायचे. बाबा सातवी शिकलेले. पण धातूचा तुकडा हातात आला की आधी चुंबक लावायचे, मग कानस मारून आतला रंग बघायचे, मग तळहातावर वजन जोखायचे आणि तुकडा बरोबर डब्यात पडायचा. एक डबा मात्र कायम रिकामा-रिकामा असायचा. त्यावर खडूनं प्रश्नचिन्ह काढलेलं. ज्याचा पत्ता लागला नाही तो तुकडा त्यात.

शाळेत कुणी विचारलं की मी सांगायचो, 'बाबा कंपनीत आहेत.' हे आज सांगतानाही बरं वाटत नाही. असो. डबे लक्षात ठेवा, आपण त्यांच्याकडे परत येणार आहोत.

अणूच्या आत काय आहे?

सगळ्यात आधी अणू. आठवीच्या पुस्तकात 'अणूचे अंतरंग' नावाचं प्रकरण होतं, आठवतंय? त्यातलं तीन वाक्यांत सांगतो. अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं. त्यात धन प्रभाराचे प्रोटॉन आणि प्रभार नसलेले न्यूट्रॉन असतात. आणि केंद्रकाबाहेर ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन असतात, जेवढे प्रोटॉन तेवढेच इलेक्ट्रॉन.

आता हे केंद्रक किती लहान? अणूच्या ढोबळमानाने एक लाखांश. आकडा सोडा, चित्र बघा. साकीनाका मेट्रो स्टेशनखाली रस्त्याच्या मधोमध ज्वारीचा एक दाणा ठेवला. तो झाला केंद्रक. तर त्या अणूचा पसारा चारही बाजूंना साधारण दोनशे मीटर जाईल. सिग्नल, रिक्षा स्टँड, वडापावच्या गाड्या, सगळं त्याच्या आत. आणि मजा म्हणजे अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान त्या एका दाण्यात. बाकी जागेत फक्त इलेक्ट्रॉन. ते ग्रहांसारखे ठरलेल्या रस्त्यावरून फिरत नाहीत, त्यांचा ढगासारखा पसारा असतो. पण दहावीपुरतं कवचांचं चित्र पुरतं, आणि ते बरंच काही सांगतं.

ही माहिती काही एका दिवसात मिळाली नाही. जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला १८९७ मध्ये. रदरफोर्ड यांनी सोन्याच्या अतिपातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा करवला आणि १९११ मध्ये केंद्रकाची कल्पना मांडली. न्यूट्रॉन तर चॅडविक यांना १९३२ मध्ये सापडला.

आता महत्त्वाचं. प्रोटॉनची संख्या म्हणजे अणुक्रमांक. ही मूलद्रव्याची खरी ओळख. ६ प्रोटॉन असतील तर ते कार्बनच, मग ते पेन्सिलीत असो की हिऱ्यात. ७ झाले की नायट्रोजन. २९ म्हणजे तांबं, ७९ म्हणजे सोनं. मधलं-अधलं काही नसतं, साडेसहा प्रोटॉन असं होत नाही. म्हणून यादीत गॅप राहू शकत नाही. आज ती यादी ११८ पर्यंत पोचलीय.

पत्ता कसा काढायचा?

इलेक्ट्रॉन कवचांमध्ये बसतात. केंद्रकाजवळचं पहिलं कवच 'के', मग 'एल', मग 'एम', मग 'एन'. 'के'मध्ये जास्तीत जास्त २, 'एल'मध्ये ८, 'एम'मध्ये १८, 'एन'मध्ये ३२. पण एक अट आहे, सगळ्यात बाहेरच्या कवचात ८ पेक्षा जास्त बसत नाहीत.

आपण सोडियम घेऊ. अणुक्रमांक ११. म्हणजे ११ इलेक्ट्रॉन वाटायचे. २, ८, आणि उरला १. संरूपण २, ८, १. आता बघा काय मिळालं. कवचं किती? तीन. म्हणून सोडियम तिसऱ्या आवर्तात, म्हणजे तिसऱ्या आडव्या ओळीत. बाहेरच्या कवचात किती? एक. म्हणून तो पहिल्या गणात, म्हणजे पहिल्या उभ्या स्तंभात. पत्ता सापडला. पाठ काही केलं नाही.

क्लोरीन १७. म्हणजे २, ८, ७. आवर्त तिसरं. बाहेर ७ आहेत, त्यात १० मिळवा, गण १७. तीन ते आठ संयुजा इलेक्ट्रॉन असले की १० मिळवायचे, कारण मध्ये संक्रमण मूलद्रव्यांचे दहा स्तंभ आडवे येतात. लोखंड, तांबं, सोनं तिकडे राहतात. त्यांना हा सोपा नियम लावू नका.

आणि पोटॅशियम? १९. इथे बरेच जण २, ८, ९ लिहितात आणि मार्क घालवतात. बाहेर ८ पेक्षा जास्त नाही, ही अट विसरलात. म्हणून २, ८, ८, १. चौथं आवर्त, पहिला गण. सोडियमच्या बरोबर खाली.

एक अपवाद आत्ताच सांगून ठेवतो. हेलियमकडे दोनच इलेक्ट्रॉन, म्हणून नियमाने तो दुसऱ्या गणात हवा. पण त्याचं एकुलतं एक कवच पूर्ण भरलंय, त्याला कुणाकडून काही घ्यायचं नाही आणि कुणाला काही द्यायचं नाही. म्हणून तो गण १८ मध्ये, निष्क्रिय वायूंच्या सोबत.

मेंडेलीव्ह आणि रिकामा डबा

१८६९ मध्ये रशियातले दिमित्री मेंडेलीव्ह हेच काम करत होते, पण त्यांच्याकडे प्रोटॉन नव्हते. इलेक्ट्रॉनसुद्धा नव्हता! तेव्हा ठाऊक असलेली ६३ मूलद्रव्यं, त्यांची अणुवस्तुमानं आणि गुणधर्म, एवढंच भांडवल. त्यांनी मूलद्रव्यं वाढत्या वस्तुमानाने मांडली आणि सारखे गुण असलेली एकाखाली एक आणली.

मांडताना काही ठिकाणी गाडी अडली. पुढचं मूलद्रव्य त्या जागी शोभेना. दुसरा कुणी असता तर ओढूनताणून बसवलं असतं. मेंडेलीव्ह यांनी जागा रिकामी सोडली. बाबांच्या प्रश्नचिन्हाच्या डब्यासारखी. वर हेही सांगितलं की इथे जे सापडेल ते असं असं असेल.

त्या न सापडलेल्या मूलद्रव्यांना त्यांनी नावं दिली एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. हे 'एका' म्हणजे आपलंच संस्कृत 'एक'. ॲल्युमिनियमच्या खाली एक घर.

१८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडलं. ते एका-ॲल्युमिनियमच्या घरात फिट्ट बसलं. शोधणाऱ्याने घनता आधी ४.७ मोजली. मेंडेलीव्ह यांनी कळवलं की ५.९ च्या आसपास हवी. गॅलियम आणखी शुद्ध करून पुन्हा मोजलं, तर ५.९! ज्याने ते हातात कधी धरलं नव्हतं, त्याचा अंदाज बरोबर निघाला. १८७९ मध्ये स्कँडियम, १८८६ मध्ये जर्मेनियम. तिन्ही घरं भरली. आज तुमच्या एलईडी दिव्यात आणि त्या छोट्या फास्ट चार्जरमध्ये गॅलियमचं संयुग असतं.

मेंडेलीव्ह यांना एक गोष्ट मात्र छळत होती. कोबाल्टचं वस्तुमान ५८.९३ आणि निकेलचं ५८.६९. म्हणजे नियमाने निकेल आधी हवं. पण गुणधर्म बघितले तर कोबाल्ट आधी. असं का? उत्तर १९१३ मध्ये हेन्री मोझली या तरुण ब्रिटिश संशोधकाने क्ष-किरणांच्या प्रयोगांतून दिलं. क्रम वस्तुमानाचा नाहीच, क्रम अणुक्रमांकाचा आहे. कोबाल्ट २७, निकेल २८. वाद संपला. दोन वर्षांनी, पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला मोझली मारला गेला. वय २७.

तुमच्या हातातली काच

'पण दादा, गण-आवर्ताचा उपयोग काय?' फोन हातात आहे ना? स्क्रीनवर बोट फिरवा.

साधी काच बनवताना त्यात सोडियम असतं, आयनाच्या रूपात. म्हणजे बाहेरचा तो एकटा इलेक्ट्रॉन देऊन टाकलेलं, धन प्रभार असलेलं सोडियम. चांगल्या फोनची काच मजबूत करण्यासाठी ती पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात बुडवतात, साधारण ४०० अंश सेल्सियसला. काचेच्या पृष्ठभागावरून सोडियम बाहेर पडतं आणि त्याच्या जागी पोटॅशियम जाऊन बसतं.

बसू का शकतं? कारण दोघं एकाच गणातले. दोघांनी एकच इलेक्ट्रॉन दिलाय, दोघांवर एकच धन प्रभार. काचेला हिशोबात फरक कळत नाही. पण पोटॅशियम एक घर खाली आहे. एक कवच जास्त, म्हणून आकाराने मोठं.

आता सकाळी नऊची घाटकोपर-वर्सोवा मेट्रो डोळ्यांसमोर आणा. असल्फ्याला एक सडपातळ मुलगा उतरला आणि त्याच्या जागी पाठीवर भली मोठी बॅग घेतलेला मुलगा घुसला. माणसं तेवढीच, पण डबा आणखी चेपला गेला. काचेच्या पृष्ठभागाचं नेमकं तेच होतं. तो सगळीकडून दाबला जातो. चरा पडला तरी ती भेग पसरायला जागा मिळत नाही. फोन पडला आणि वाचला, तर आभार मानताना पहिल्या गणालाही विसरू नका.

गणात खाली जाताना आकार वाढतो, कारण कवच वाढतं. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना मात्र आकार कमी होतो. इलेक्ट्रॉन वाढतात आणि आकार कमी? हो. कारण कवच तेच राहतं आणि केंद्रकात प्रोटॉन वाढतात, ते सगळ्यांना आत ओढतात. हा प्रश्न परीक्षेला हमखास येतो, कारणासकट लिहा.

पिवळी रेघ

गण १८ ची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण ती आपल्या बाजूची आहे. मेंडेलीव्ह यांच्या सारणीत हा गणच नव्हता.

१८ ऑगस्ट १८६८. खग्रास सूर्यग्रहण. त्याची सावली कोकण किनाऱ्यावरून आत आली आणि दख्खन ओलांडत पूर्व किनाऱ्याकडे गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शल दुर्बीण लावून बसले होते, गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जॅन्सेन. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा प्रकाश पृथक् करून पाहिला तर त्यात एक पिवळी रेघ दिसली. तिथल्या निरीक्षकांना वाटलं, सोडियमची असेल. वाटणारच, सोडियम पिवळाच जळतो. गॅसच्या ज्योतीवर चिमूटभर मीठ पडलं की दिसतो तो रंग, रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांचा रंग.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडहून नॉर्मन लॉकयर यांनी ग्रहण नसताना तीच रेघ पाहिली, आणि ती सोडियमच्या जागेवर नाही, किंचित सरकलेली आहे, हे ओळखलं. नवं मूलद्रव्य! सूर्याच्या ग्रीक नावावरून नाव दिलं हेलियम. पृथ्वीवर ते सापडायला १८९५ उजाडलं, विल्यम रॅम्झी यांना युरेनियमच्या खनिजात मिळालं.

विजयदुर्गला गेलात तर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि लॉकयर यांनी तिथूनच हेलियम शोधला असं सांगतात. दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. किल्ला बघा, दिवस साजरा करा. फक्त परीक्षेत लिहिताना लक्षात ठेवा, लॉकयर यांनी ती रेघ इंग्लंडमधून पाहिली.

गण १४

आता ते शेवटचं, जे सुरुवातीला राखून ठेवलं होतं.

गण १४ वरून खाली वाचा. कार्बन, सिलिकॉन, जर्मेनियम, कथील, शिसं. सगळ्यांच्या बाहेरच्या कवचात चार. वर कार्बन, अधातू. मध्ये सिलिकॉन आणि जर्मेनियम, धातुसदृश. खाली कथील आणि शिसं, पक्के धातू. बाबांच्या गाळ्यात हा अख्खा स्तंभ हजर होता. सेलमधली कार्बनची कांडी, चिपमधलं सिलिकॉन, आणि बोर्डावरच्या सोल्डरमध्ये कथील आणि शिसं. कथील वितळतं २३२ अंशाला, शिसं ३२७ ला, पण दोघांचं योग्य मिश्रण केलं की १८३ लाच. म्हणून जुन्या सोल्डरमध्ये ते वापरायचे.

बाबा ते बोर्ड शेगडीवर तापवायचे. सोल्डर सुटलं की चिप काढून घ्यायचे. धूर व्हायचा, राख उडायची. तेच हात, तिथेच डबा उघडून जेवण.

माझ्या दहावीच्या वर्षी बाबांचं पोट सारखं दुखायला लागलं. थकायचे, चिडायचे, बोटांतली पकड सैल झाली. बऱ्याच गोळ्या झाल्या. शेवटी एका दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, 'काम काय करता?' मी सवयीने म्हणालो, 'कंपनीत आहेत.' बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'भंगारात आहे मी, मॅडम. बोर्ड तापवतो.' रक्ताची तपासणी झाली. शिसं, भरपूर.

डॉक्टरबाईंनी मला कागदावर समजावलं. शिसं आपल्या चारपैकी दोन इलेक्ट्रॉन देतं आणि दोन धन प्रभारांचा आयन होतं. कॅल्शियमही तसाच, २, ८, ८, २, बाहेरचे दोन देतो. शरीर दोघांत गल्लत करतं. कॅल्शियम समजून शिसं हाडांत साठवतं, आणि तिथे ते वर्षानुवर्षं राहतं.

त्या रात्री मी पुस्तक उघडलं. शिसं, अणुक्रमांक ८२. २, ८, १८, ३२, १८, ४. हे मला तोंडपाठ होतं. आणि ते माझ्या बाबांच्या हाडांत होतं, हे ठाऊक नव्हतं. खोटं बोलून मी डॉक्टरांचाही वेळ घालवणार होतो.

बाबांनी तापवायचं काम सोडलं. आता फक्त थंड माल वेगळा करतात. पकड बऱ्यापैकी परत आलीय. प्रश्नचिन्हाचा डबा अजून आहे. मध्ये एकदा त्यातला तुकडा मला दाखवून म्हणाले, 'बघ रे, तुझ्या तक्त्यात हा कुठे बसतो?'

जाता जाता

तुमच्या घरातलं कुणी अशा कामात असेल तर एवढं करा. वायर आणि बोर्ड जाळू-तापवू देऊ नका, घरात तर अजिबात नाही. जेवणाआधी साबणाने हात, कामाचे कपडे वेगळे धुवायचे. लहान मुलांना त्या धुळीपासून लांब ठेवा, त्यांच्या मेंदूला शिसं जास्त बाधतं. डॉक्टरांना काम काय ते खरं सांगा आणि रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल विचारा. शिशाची सुरक्षित अशी कुठली पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि फुगलेली मोबाइल बॅटरी टोचू किंवा दाबू नका, आतलं लिथियमचं रसायन पेट घेतं.

आणि मेसेज पाठवणाऱ्या ताई, तुझ्यासाठी ट्रिक. रोज पाच मूलद्रव्यं घे. अणुक्रमांक लिही, कवचांत वाट, आवर्त आणि गण काढ. मग घरात ती कुठे सापडतात ते शोध. चार दिवसांत पहिली वीस होतील, आणि ती पाठ करावी लागणार नाहीत.

आजचा गृहपाठ सगळ्यांना : अणुक्रमांक १३. संरूपण, आवर्त, गण, आणि ते आत्ता तुमच्यापासून किती हातांवर आहे? उत्तर मेसेज करा. ओळखीतल्या एका दहावीवाल्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!